डाव्या काखेतला खडूचा गोल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका सुटात हवा भरणं. दुपारचे दोन वाजले असतील. मी सायकलच्या पंपानं हवा मारत होतो आणि बायको सुटाच्या गळ्यात प्लास्टिकचा चेंडू दाबून धरून बसली होती. सुटाच्या दोन्ही मनगटांत सरबताच्या बाटल्या बसवलेल्या. सूट हळूहळू फुगला, त्याचे हात वर आले, पाय ताठ झाले, आणि सतरंजीवर एखादा लठ्ठ माणूस झोपल्यागत दिसायला लागला. त्याला ती पाहुणा म्हणायची. पाहुणा उठला, आता साबण लावा, असं दर वेळी म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली.

आमचं दुकान नळदुर्गला, हायवेला लागून. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. मी मूळचा ट्रकच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणारा. चौथीपर्यंत शाळा, पुढं मशीन. हे पाण्यातल्या सुटाचं काम माझ्या डोक्यातलं नाही, आणि माझ्या हातातलंही अर्धंच.

झालं असं की धरणांच्या दारांची कामं करणारा एक पाणबुड्या बऱ्याच वर्षांपूर्वी जीप थांबवून दुकानात आला. सोलापूरकडचा, भोयाचा पोरगा, तेव्हा पंचविशीचा असेल. त्याच्या हातात एक परदेशी सूट होता, मांडीला फाटलेला. स्पंजासारखं रबर असतं, निओप्रीन म्हणतात, त्याचा. बुटापासून गळ्यापर्यंत सगळा एकसंध, आत थेंब जाता कामा नये, म्हणून ड्राय सूट. आत साधे कपडे घालून माणूस गार पाण्यात दोन-दोन तास काम करतो. मी म्हटलं, आण इकडं, यात काय आहे. ट्रकची सीट शिवावी तसा टाकून दिला शिवून. दुसऱ्या दिवशी तो तसाच ओल्या कपड्यांनी परत आला. माझ्या सुईनं जेवढी भोकं पाडली होती तेवढ्यांतून पाणी आत गेलं होतं.

ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "अवो, हे शिवायचं न्हाय, डकवायचं हाय."

ती तेरखेड्याची. लहानपणापासून फटाक्याच्या कागदी नळ्या डकवत वाढलेली. लेप किती पातळ द्यायचा, किती वेळ वाळू द्यायचा, कधी दाबायचा, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. पंक्चरवाल्याकडनं सोलुशनचा डबा आणला आणि तिनं त्या रबराच्या कडांना एक हात दिला. वाळू दिला. दुसरा दिला. बोट लावून बोट चिकटत नाही असं झाल्यावर तिसरा. मग दोन्ही कडा एकमेकींवर दाबल्या. वरून मी टाके घातले, पण सुई अर्ध्याच जाडीत, पलीकडं निघूच द्यायची नाही. हे शिकायला मला दोन महिने लागले. तोवर किती रबर वाया घालवलं त्याचा हिशेब ती ठेवायची नाही, फक्त तुकडे एका पोत्यात टाकायची आणि पोतं मला दिसेल असं ठेवायची.

पुढं दुरुस्तीवरून नवे सूट करण्यावर आलो. बाहेरचे सूट लांब टांगांच्या लोकांसाठी कापलेले असतात. आपल्याकडचा माणूस त्यात शिरला की गुडघ्याशी घड्या आणि घड्यांत हवा. आमचा सूट ज्याचा त्याच्या मापाचा. बावीस ठिकाणची मापं. रंग त्याच्या पसंतीचा, खिसा म्हणेल तिथं, गुडघ्याला दुहेरी थर हवा तर तो. पोरगी पुण्याला असते, तिनं मोबाईलवर फोटो टाकले तसे गोव्याचे, केरळचे, अंदमानचे फोन यायला लागले. फोनवर माप घ्यायचं काम हिचं. ती प्रत्येकाला सांगायची की पोटाचं माप जेवल्यावर घ्या. एका साहेबानं आपलं पोट बत्तीस इंच सांगितलं. ही म्हणाली, साहेब, आता श्वास सोडा आणि परत मोजा. तो हसला आणि छत्तीस म्हणाला.

शिवून झालं की चाचणी. मी माझ्या दाढीच्या ब्रशानं सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. हवा निसटत असेल तर बुडबुडा येतो. बुडबुडा आला नाही तरी तिचं समाधान व्हायचं नाही. ती आधी मोरीत जाऊन तोंड धुवून यायची, पदरानं पुसायचीसुद्धा नाही, आणि मग डोळे मिटून, श्वास धरून, प्रत्येक सांध्यावरून गाल फिरवायची. मी चेष्टा करायचो की पूजेला बसली बघा. तिच्या गालाला लागणारा वारा माझ्या गालाला कधी लागला नाही. मी आठवडी बाजाराच्या दिवशीच दाढी करणारा माणूस, सगळे खुंट. म्हणून ते काम तिचंच राहिलं.

वारा लागला की ती कनवटीचा खडू काढून तिथं गोल करायची. आमच्यात एकच नियम होता, आणि तो तिनंच घातलेला. गोल ज्यानं केला त्यानंच तो पुसायचा. दुरुस्ती झाली, परत हवा भरली, परत गाल फिरला, मगच. इतक्या वर्षांत मी तिचा गोल कधी पुसला नव्हता.

त्या दुपारचा सूट त्याच पाणबुड्याचा होता. त्याचा जुना सूट विरला होता. पाऊण तासाच्या अंतरावर एक धरण आहे, त्याचं कालव्याचं दार अडकलं होतं. हरभऱ्याला, ज्वारीला पाणी सोडायचं, आणि दार उघडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो खाली उतरणार होता. चार वाजता जीप घेऊन येतो म्हणाला होता.

मी साबण लावला. कुठंच बुडबुडा नाही. ती तोंड धुवून आली, गाल फिरवत फिरवत डाव्या काखेपाशी थांबली. परत मागं गेली, परत थांबली.

"हितं वारा लागतोय."

मी फेस लावून बघितला. काही नाही.

"बुडबुडा कुठाय?"

"बुडबुडा न्हाय. वारा हाय."

"खिडकी उघडी हाय. तिचा वारा."

"खिडकीचा वारा मला कळत न्हाय व्हय? चाळीस साल त्याच खिडकीपाशी बसलेय." तिनं गोल केला. "सोलुशनचे दोन हात द्यावे लागतील. रातभर वाळू द्या. सकाळी न्हेऊ द्या त्याला."

"चार वाजता जीप येणार. त्याला काय सांगू? माझ्या बायकोच्या गालाला वारा लागला म्हणून सांगू?"

मला घाई होती. दुसरं असं की मला राग आला होता. टाके माझे होते. त्या सुटावर मी तीन आठवडे बसलो होतो आणि तो मला चांगला झाला असं वाटत होतं. मी ओलं फडकं घेतलं आणि साबण पुसायला लागलो. गळ्यापासून सुरू केलं, छाती, उजवा हात, डावा हात. काखेपाशी आलो तेव्हा हात थांबवता आला असता. नाही थांबवला. फेसाबरोबर खडूही गेला.

तिनं बघितलं. "पुसलात व्हय," म्हणाली. "बरं." आणि चहा ठेवायला गेली.

चहा आम्ही दाराशी बसून प्यालो. समोरून ट्रक जात होते. तिनं हैदराबादकडं जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकबद्दल काहीतरी म्हटलं, मी हं म्हणालो. जीप आली तेव्हा सूट तिनंच घडी केला, गळ्याच्या आणि मनगटाच्या रबराला आतून पावडर लावली, पिशवीत घातला. मी आत पैशांच्या डब्याशी होतो. ती जीपपाशी उभी राहून त्याच्याशी काहीतरी बोलत होती. मला वाटलं, नेहमीसारखं, जेवण वेळेवर करतोस का, बायकोला माहेरी धाडलं का.

दिवेलागणीला ती ज्वारी पाखडत बसली होती. सूप मांडीवर ठेवून भिंतीला टेकली. मी म्हटलं, काय झालं. ती म्हणाली, काही न्हाय, जरा दमले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

रात्रीचं मी लिहीत नाही.

रात्रभर सुटाची आठवण झाली नाही असं म्हणालो तर ते खोटं. आठवत होतं. पण ती बरं म्हणाली होती ना, ते बरं मी धरून बसलो. म्हातारीला भास झाला असेल. तब्येतच बरी नसेल तिची, म्हणून वारा वाटला असेल. असं स्वतःला सांगत होतो. सकाळी बायकांनी तिला अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. तेव्हा तिच्या भावजयीनं बाहेर येऊन माझ्या हातात एक वस्तू ठेवली. जुन्या लुगड्याच्या कनवटीला होती म्हणाली. खडूचा तुकडा. नखाएवढा राहिलेला.

तेव्हा साडेआठ होत आले होते.

मी पाणबुड्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. धरणाच्या भिंतीखाली फोन लागत नाही हे मला ठाऊक होतं. मेव्हणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पहाटेच तेरखेड्याहून टेम्पो घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, गाडी काढ, मला धरणावर जायचंय.

"दाजी, येडं लागलं का? बहीण अंगणात हाय माझी."

मी त्याला सांगितलं. सगळं नाही. सूट खराब आहे एवढं सांगितलं. तो म्हणाला, मग मी जातो, तुम्ही हलू नका. पोरगी पुण्याहून निघाली होती, अकरापर्यंत पोचणार होती, ती आली की लगेच न्यायचं होतं. अग्नी मी द्यायचा होता आणि अग्नी देणारा घर सोडून कुठं जात नाही. भावकीतले दोघं-तिघं माझ्याकडं बघायला लागले होते. मेव्हण्यानं घड्याळ बघितलं, मी बघितलं. पाऊण तासाची वाट. नऊला तो पाण्यात असणार. टेम्पो निघाला तरी पोचायचा नाही. तरी तो चावी काढायला खिसे चाचपत उठला.

तेवढ्यात न्हावी आला. अग्नी देणाऱ्याची दाढी-मिशी काही घरांत दहाव्याला उतरवतात, आमच्याकडं नेण्याआधी. मला अंगणात पाटावर बसवलं. त्यानं तोंडाला पाणी लावलं, डाव्या बाजूनं सुरुवात केली. मी फोन मांडीवर ठेवून बसलो होतो. डावा गाल झाला असेल नसेल, फोन वाजला. त्याचाच.

"मामा, वर रस्त्यावर येऊन बोलतोय, खाली रेंज न्हाय. काल मामी म्हणल्या व्हत्या, पाण्यात उतरायच्या आधी मामांस्नी एक फोन लाव. त्ये काय सांगत्यात त्ये ऐक, मग उतर. उतरू का?"

न्हाव्यानं वस्तरा उचलून धरला होता.

तिनं त्याला काखेचं काही सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर मी खोटा पडलो असतो, माझ्या दुकानाच्या दारात, माझ्या गिऱ्हाइकासमोर. तिनं मला सकाळपर्यंत वेळ दिला होता.

"उतरू नको," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"सूट घेऊन हिकडं ये."

"मामा, धरणाचा साहेब हितं उभा हाय. माणसं आलीत, बोट आलीय. शेतकरी सकाळधरनं कालव्यावर बसलेत. तुमी साबण लावला व्हता ना?"

"लावला व्हता."

"बुडबुडा आला व्हता का?"

"न्हाय."

"मग?"

अंगण सगळं ऐकत होतं. मी म्हटलं, "तिच्या गालाला वारा लागला व्हता. डाव्या काखंत. तिनं खडूनं गोल केला, म्या पुसला. मला घाई व्हती."

पलीकडं जरा वेळ वाऱ्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मामींना द्या बरं फोन."

"ती गेली."

"कुठं?"

मेव्हण्यानं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला सांगितलं.

काखेतला सांधा सुटला तर काय होतं, हे मला त्या पाणबुड्यानंच एकदा सांगितलं होतं. सुरुवातीला नुसतं ओलं लागतं. माणूस म्हणतो, असू दे, काम संपवू. हात वर करून दार ओढायला लागला की सांधा ताणतो आणि उसवत जातो. मग पाणी आत, आणि वर यायला जी हवा सुटात भरायची ती त्याच वाटेनं बाहेर. धरणाच्या दाराची विहीर अरुंद असते, वर लोखंड, अंगावर वजनं. हे सगळं मला ठाऊक असताना मी फडकं फिरवलं होतं.

तो आला. पाऊण तासाची वाट त्यानं अर्ध्या तासात मारली असेल. मी अजून पाटावरच होतो, अर्धा चेहरा केलेला, उजव्या गालाला साबण वाळलेला. न्हावी पुढं करू म्हणत होता, मी थांब म्हणत होतो. पाणबुड्यानं आधी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग जीपमधून पिशवी काढून माझ्यापुढं उभा राहिला.

मी म्हटलं, हवा भरा.

कुणीतरी मागून म्हणालं की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्याला आत न्या. मेव्हणा माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, हाच आता मला धरून आत नेणार. तो दुकानात गेला आणि पंप घेऊन आला. "चेंडू कुठाय, दाजी?" म्हणाला. चेंडू खिडकीत होता. बाटल्या पाणबुड्यानं बसवल्या. मेव्हण्यानं पंप मारायला सुरुवात केली. बायकांचं रडणं कमी होत होत थांबलं. ती एका बाजूला झोपलेली, आणि तिच्यापासून चार हातांवर पाहुणा उठायला लागला. हात वर आले, पाय ताठ झाले.

मी साबण लावला. न्हाव्याचाच ब्रश, न्हाव्याचाच फेस. काखेत लावला, दंडावर हवा सोडायची झडप असते तिच्या खाली लावला. बुडबुडा नाही. परत लावला. नाही. पाणबुड्या वाकून बघत होता, त्यालाही दिसला नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, असा, जसा म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेवतात. "मामा, राहू द्या," म्हणाला. "म्या आज उतरत न्हाय. बास?"

बास नव्हतं. आज नाही उतरला तर उद्या उतरला असता. आणि ती खरी होती की नाही, ते तिला न्यायच्या आधी मला कळायला पाहिजे होतं.

मी फेस पुसला आणि गाल लावला. उजवा, सवयीनं. त्याला खुंट आणि वाळलेला साबण, काय कळणार. मग डावा लावला. वस्तरा फिरलेला, पण एव्हाना कोरडा. तोही बधिर. मी डोळे मिटले. श्वास धरला. ती जे जे करायची ते सगळं करून बघत होतो, आणि एकच राहिलं होतं. मी न्हाव्याच्या वाटीत हात बुडवला आणि गालाला पाणी लावलं.

तोंड धुवून ती यायची, आणि पदरानं पुसायची नाही. इतकी वर्षं मी त्याला पूजा म्हणत होतो.

काखेपासून दोन बोटं वर, झडपेच्या खाली, ओल्या गालावर एक गार रेघ आली. दोऱ्याएवढी. मी मागं सरकलो, ती गेली. पुढं आलो, ती आली. आदल्या दुपारी तीही अशीच मागं-पुढं झाली होती.

"हाय," मी म्हटलं. "वारा हाय."

पाणबुड्यानं आपला गाल पाण्यानं ओला केला आणि तिथं लावला. बराच वेळ तसाच राहिला. मग उठला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली.

मुठीतला खडू घामानं ओला झाला होता, आधी उठेना. धोतराला पुसून कोरडा केला आणि त्या जागी गोल केला. तिचा गोल अगदी गोल असायचा. माझा वाकडा आला. मी पाणबुड्याला सांगितलं की सूट आत मशीनच्या मागं टांगून ठेव, आणि हा गोल कुणी पुसायचा नाही. आता तो माझा आहे, मीच पुसीन. तेरा दिवस हातात काम धरायचं नसतं, तेरा दिवस तो टांगलेला राहील. त्यानं साहेबाला फोन करून सांगितलं की दुसरा सूट मिळेपर्यंत दार निघणार नाही. साहेब काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं, पण त्यानं फोन कानापासून लांब धरला आणि बंद केला.

फाट्यावर पोरीची गाडी वळताना दिसली. मी परत पाटावर बसलो आणि न्हाव्याला म्हटलं, राहिलेली बाजू कर.